अक्षरांच्या पोटातले पूल

धुळे, मंगळवार, नोव्हेंबर १९९१. सायंकाळ.

संगणकाला मराठी ठाऊक नाही. म्हणून कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या प्रोग्रामसाठी प्रत्येक अक्षर चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी रेखून मी यंत्रात भरतो. वळण धरणगावच्या नानांचे. रुईच्या गाठींवर छापायला ते पत्र्यातून अक्षरे कापीत आणि ‘ठ’, ‘व’ यांचे पोट, म्हणजे गोलातला तुकडा, निखळू नये म्हणून पत्र्याची बारीक पट्टी, त्यांच्या भाषेत पूल, राखीत. छापात पुलाच्या जागी फट दिसे; मला कागदावर काढून दिलेल्या अक्षरांतही त्यांनी ती सोडली.

“भाऊ, पूल तोडू नको. पोट पडी जाई.”

“नाना, संगणकाचा पडदा म्हणजे पत्रा नव्हे. इथे काही पडत नाही.”

“तुले पडदा समजस, माले अक्षर!”

नाना गेल्या महिन्यात गेले. उद्या प्रोग्राम दाखवायचा आहे; फटींची तुटक अक्षरे प्रेसवाल्यांना पडद्यावर वाचता आली नाहीत, तर इंग्रजीच कायम राहील. म्हणून आज सगळ्या फटी बुजवल्या... आणि ‘ठ’, ‘व’, ‘ध’ यांची पोटे गेली. नुसते भरीव गोळे! ठिपक्यांचे आकडे तीनदा तपासले, बिनचूक. पूल परत ठेवले, तशी पोटे जागेवर आली. उद्या हीच अक्षरे नेणार.

पण मधल्या वेळात ती पोटे पडली कुठे? टेबलाखाली पाहण्याचे धैर्य झाले नाही. पाय खुर्चीवर घेऊनच हे लिहितो आहे.