मामीच्या कमरेचं तेल

दांडा, खार
१३ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. रुक्मिणीस मंजुळाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुके बोंबील पोचल्याचं अजून कळवलं नाहीस. माझ्या भावाच्या, गुणाजीच्या ताटात दोन तरी पडू दिलेस ना, की तूच सगळे फस्त केलेस?

आज माझ्या चंदरसाठी लिहिते आहे. त्याचे वडील होडीवरून परत आले नाहीत त्याला आता तीन वर्षं होतील. पोराला एकोणीस पूर्ण झाली, उंची सहा फूट चार इंच. होडीचा तांडेल रोज दारात येतो आणि म्हणतो, एवढा गडी घरात कशाला ठेवलास, होडीवर पाठव. रुक्मिणी, मी एक माणूस त्या पाण्याला दिला, दुसरा देणार नाही. गुणाजी कंपनीच्या बास्केटबॉलच्या टीमचा सेंटर आहे, साहेब त्याचं ऐकतात. त्याने चंदरसाठी शब्द टाकावा.

इथे सगळे म्हणतात, भाचा मामाच्या वर जाणार. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तू पंधरा वर्षं बघते आहेस, तूच सांग, दोघांत वरचढ कोण? नवऱ्याची बाजू न घेता सांग हो.

मी सांगते आहे आणि शेजारची नीला लिहिते आहे. तुझं पत्रही तीच वाचून दाखवील. सर्वांवर जीव आहेच, तसाच तुमचाही आमच्यावर राहू दे.

तुझी
मंजुळा

---

घाटकोपर
११ डिसेंबर १९६६

गं. भा. मंजुळावन्सं यांस रुक्मिणीचा सा. न. वि. वि.

बोंबील मिळाले. दोनच नाही, चांगले चार वाढले तुमच्या भावाला.

ह्यांनी साहेबांशी बोलणं केलं आहे. ह्यांचा बेत असा की चंदरने दोन वर्षं बिनपगारी, राखीव खेळाडू म्हणून ह्यांच्या हाताखाली शिकावं. तोवर ह्यांना स्टोअरमध्ये कायमचं टेबल मिळेल आणि मग हे आपण होऊन जागा सोडतील. टीममध्ये आहेत तोवरच स्टोअरचं बसून काम आहे, हे तुम्हाला माहीत आहे. टीममधून गेलेला माणूस कारखान्यात प्रेस मशीनवर आठ तास उभा राहतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मागच्या रविवारी दोघांना मैदानावर पाहिलं. चंदर उडी मारतो तेव्हा बघणाऱ्याची मान दुखते. त्याचा हात रिंगच्या वर जातो, ह्यांचा कधीच गेला नाही. पण चेंडू बोर्डावर आपटून जिथे पडणार तिथे हे आधीच पाय रोवून, पाठ लावून उभे असतात. पोरगा वरून येतो आणि ह्यांच्या पाठीवर आपटून खाली बसतो. अंग त्याचं, अक्कल ह्यांची. दोन वर्षांत दोन्ही त्याच्याकडे असतील, तेव्हा काळजी करू नका.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला. ह्यांचा उजवा गुडघा गेला आहे. उजव्या पायावर भार देऊन वळायचं म्हटलं की क्षणभर अडकतात. म्हणून नेहमी डावीकडूनच वळतात. लोक म्हणतात, काय स्टाइल आहे गुणाजीची! मैदानावर कुणाला पत्ता नाही, साहेबांना तर मुळीच लागता कामा नये. तुमच्या दांड्याला मुशी माशाचं तेल मिळतं ना मालिशचं, ते एक बाटली पाठवा. माझ्या कमरेसाठी म्हणून पाठवा, नाहीतर हे मला घरात ठेवायचे नाहीत.

मोठ्या आहात, माया आहेच, ती वाढती ठेवा.

आपली
रुक्मिणी

---

दांडा
२ जानेवारी १९६७

चि. सौ. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तेल चंदरबरोबर पाठवते आहे. वास उग्र आहे, पण गुण येतो. गुणाजीने भाच्यासाठी एवढं केलं, मी जन्मभर विसरणार नाही. असाच लोभ चालू ठेवावा.

मंजुळा

---

घाटकोपर
२० फेब्रुवारी १९६७

मंजुळावन्सं यांस,

निकाल तुम्हाला घरबसल्या कळलाच असेल. तरी मी पाहिलं ते सांगते.

साहेब म्हणाले, दोन वर्षं कशाला थांबायचं, मामा-भाचे समोरासमोर खेळा, पंधरा बास्केट आधी करील तो या वर्षीचा सेंटर. हे हसत तयार झाले. त्यांना वाटलं, पोराला थोडं खेळवू आणि शिकवू. मी कडेला बसले होते. पहिल्या चेंडूपासून चंदर ह्यांच्या उजव्या अंगाला गेला. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी. ह्यांना त्याच पायावर वळायला लावायचं, पाय अडकला की वरून चेंडू टाकायचा. त्याने उडीसुद्धा फारशी मारली नाही, तशी गरजच नव्हती. पंधरा-सहा. शेवटी हे रिंगखाली बसले ते दोघांनी धरून उठवले.

घरी येऊन मी तुमचं जानेवारीतलं पत्र काढून पाहिलं. नीलाचं अक्षर गोल, बारीक असतं. हे अक्षर तिचं नव्हतं. तेलाची बाटली देताना तुमचा मुलगा मामाच्या देखत म्हणाला होता, मामी, तुझ्या कमरेसाठी आणलं. तेव्हा तो जरा हसला. मला वाटलं, लाजला.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. हे काय म्हणतात ऐका. म्हणतात, पोरगा हुशार निघाला, नुसत्या नजरेने माझं दुखणं हेरलं. अंगठ्याएवढे पेढे आणून वाटले शेजाऱ्यांत. एक तारखेपासून प्रेसवर जाणार आहेत.

मला एकच सांगा. माझं पत्र कुणी वाचलं?

रुक्मिणी

---

दांडा
५ मार्च १९६७

रुक्मिणीस,

पोस्टाजवळच्या माणसाकडून लिहून घेते आहे. खोटं लिहायचं असतं तर घरीच लिहून घेतलं असतं.

नीलाचं लग्न होऊन ती वसईला गेली. तुझं पत्र आलं तेव्हा घरात वाचणारा चंदरच होता. गुडघ्याच्या मजकुरापाशी येऊन तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मला म्हणता आलं असतं की हे वाचलंस ते विसर. मी म्हटलं नाही. पुढे वाच, म्हटलं. त्याच दिवशी सकाळी तांडेल येऊन गेला होता, मोसम संपायच्या आत पोराला पाठव नाहीतर दुसरा बघतो म्हणून. दोन वर्षं मी त्याला कसा थोपवला असता?

मी चंदरला असं कर म्हणून सांगितलं नाही. पण तो असं करील, हे मला कळलं होतं. तू दोष दे. पोटच्या पोरासाठी मी भाऊ विकला, असं म्हणालीस तरी चालेल. पोर जमिनीवर आहे.

मंजुळा

---

दांडा
८ सप्टेंबर १९७४

चि. सौ. रुक्मिणीस आशीर्वाद.

साडेसात वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. हे तरी वाच. नीला बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिच्याकडून लिहून घेतलं. चंदरला ठाऊक नाही.

कंपनीने पंजाबातून सहा फूट सात इंचांचा मुलगा आणला आहे. सगळे दोघांची तुलना करतात. चंदर सत्तावीसचा, पण त्याला आत्ताच म्हातारा म्हणतात. त्याचा डावा खांदा उतरला आहे. हात डोक्याच्या वर जात नाही, सगळं उजव्यावर भागवतो आणि कुणाला कळू देत नाही. उडी गेली की त्याच्याकडे काही उरत नाही, जागा धरणं त्याला कुणी शिकवलंच नाही. गुणाजीला विचार ना, हात न उचलता रिंगखाली कसं टिकायचं. पोराचं लग्न ठरतं आहे. दिवाळीनंतर त्याला आणि त्या पंजाबी मुलाला समोरासमोर खेळवणार आहेत.

माझ्यावर राग ठेव, त्याच्यावर नको.

मंजुळा

---

घाटकोपर
२२ सप्टेंबर १९७४

मंजुळावन्सं यांस,

पत्र मिळालं.

तुमचा भाऊ प्रेसवर दोन वर्षं उभा राहिला. मग गुडघा वाकेनासा झाला, तेव्हा कंपनीने दया येऊन गेटवर राखणीला स्टूल दिलं. चंदर रोज त्या गेटातून आत जातो. हे गमतीने उठून सलाम ठोकतात, तो मान खाली घालून जातो. एवढंच नातं उरलं आहे.

तुम्ही म्हणता तसं ह्यांना मी विचारणार नाही, आणि का ते समजून घ्या. तो पंजाबी मुलगा संध्याकाळी आमच्याकडे येतो. पाय कसे रोवायचे, पाठ कशी लावायची हे त्याला शिकवतात, तुळईएवढा मुलगा आमच्या खोलीत वाकून उभा असतो. ह्यांच्या पोटात खेळातली गोष्ट राहत नाही. चंदरच्या खांद्याचं कानावर पडलं, तर उपाय सांगतील आणि त्याच दमात त्या मुलालाही बोलून जातील. मग दिवाळीनंतर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

परवा त्या मुलाने मलाच विचारलं की चंदरभाईंचा हात दुखतो का. मी म्हटलं, मला काय माहीत. ह्यांनी विचारलं, ताईचं पत्र कशाबद्दल आहे. मी म्हटलं, तब्येतीचं. तुमचं पत्र मी एकटीने वाचलं आणि चुलीत घातलं. तुम्हालाही तेव्हा माझं पत्र मध्येच थांबवून चुलीत घालता आलं असतं.

तुमच्या मुलासाठी केलं असं समजू नका. मला तुमच्यासारखं व्हायचं नाही, म्हणून केलं.

हे त्या मुलाला रोज एक गोष्ट सांगतात. म्हणतात, माझा भाचा बघ, माझा गुडघा त्याने नुसत्या नजरेने ओळखला, सेंटरला असा डोळा हवा. सांगताना छाती फुगते त्यांची. मी चहा गाळत ऐकून घेते.

लोभ मागत नाही, पाठवतही नाही.

रुक्मिणी