ओली पळी

आई, उद्या सकाळी अकरा वाजता विद्यापीठात तुझ्या व्यवस्थापन विभागातल्या सभागृहाला तुझं नाव देणार आहेत आणि मुलगा म्हणून मला पाच मिनिटं बोलायचं आहे. तू जाऊन चौदा वर्षं झाली. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, कारखान्यात बायका पुन्हा कोकमं फोडायला बसल्यात आणि मी शेजारच्या खोलीत तुला लिहितोय. पिशवी भरून ठेवली आहे. तिच्यात इस्त्रीचा शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपल्या स्वयंपाकघरातली पळी. पितळेची, दांड्याला मधोमध बाक आलेली, तीच. उद्या माझी पाळी आली की ती मी टेबलावर ठेवणार आहे, तुझ्या हार घातलेल्या फोटोच्या बरोबर समोर.

झालं काय, तुझ्या जागेवर आता तुझीच एक विद्यार्थिनी आहे. तिने कार्यक्रमासाठी पुस्तिका काढली आहे, तू वर्गात शिकवायचीस त्या निवडक केसेसची, आणि कौतुकाने ती माझ्या फोनवर पाठवली. पहिलीच केस ‘कोकणातील एक तरुण’. उद्या ती एक विद्यार्थी मोठ्याने वाचून दाखवणार आहे, सगळ्या सभागृहासमोर. मी ती तीनदा वाचली. तू लिहिलंयस, चार बरण्या. सहा होत्या. तू लिहिलंयस, तोंडाला कापड बांधलं होतं. कापड नव्हे, मलमल होती, दुहेरी, तुझ्याच जुन्या ओढणीची. तू लिहिलंयस, अंदाजाने साखर घातली. अंदाजाने? कोकमाची साल एक भाग, साखर दोन भाग, तुझ्याच तराजूत तोलून. आणि शेवटचं वाक्य: ‘या तरुणाकडे सगळं होतं, फक्त थांबणं नव्हतं.’ त्या वाक्यावर तुझी मुलं वर्षानुवर्षं माना डोलवत आली. उद्या टाळ्याही वाजवतील.

उद्या सगळे तुझ्या त्यागाबद्दल बोलतील, आणि ते खोटं नसेल. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुला घाटावर विद्यापीठाचं घर मिळत होतं, मला तिथल्या शाळेत घालता आलं असतं. पण म्हाताऱ्या आजोबांना नांदगाव सोडवेना म्हणून तू तेवीस वर्षं दर सोमवारी पहाटेची एसटी धरलीस, वैभववाडीवरून घाट चढलीस आणि शुक्रवारी संध्याकाळी उतरलीस. रविवारी सकाळभर तू खोबऱ्या-मसाल्याचं वाटप वाटायचीस, आठवड्याचं, वारावार डबे करून. शेजारची काकी मला म्हणायची, “तुझी आवस सोमवारी जाता, शुक्रवारी येता. मधले दिवस तू माझो झील.” मला आपला मुलगा म्हणत ती हसायची, मी नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा तू एकवीस दिवस रजा टाकलीस आणि माझ्या उशाशी बसून पेपर तपासलेस. हे सगळं मला वारासकट पाठ आहे. म्हणूनच तर राग जात नाही. ज्या बाईने माझ्यासाठी एवढं केलं, तिने मला चाळीस चाळीस पोरांपुढे उभं केलं, दर वर्षी, आणि मला ठाऊकही नव्हतं.

बारावीनंतर मी शिकलो नाही. तुझ्या विषयात नापास झालो असतो तर निदान तुला चारचौघांत सांगता तरी आलं असतं, मी तर फॉर्मच भरला नाही. मला हाताने करून बघायचं होतं. कोकमाचं सरबत कसं टिकतं हे मला कुणी शिकवलं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे बसलो, दोन हंगाम माल फेकला, तिसऱ्या हंगामात जमायला लागलं. तेव्हा तूच म्हणालीस, आमच्या विभागाचा उन्हाळी मेळावा आहे, तुझं सरबत ठेव. मला वाटलं, आता बघ.

तुला उन्हाळ्याची सुट्टी आहे, तू घरीच आहेस. सोमवारी मी सहा बरण्या भरतो. साल, साखर, साल, साखर. मलमल बांधतो, अंगणात पश्चिमेच्या भिंतीलगत फळीवर ठेवतो, ऊन फिरेल तशी फळी फिरवतो. तुला हात जोडून सांगतो की पाण्याचा एक थेंब आत जाता कामा नये, गेला तर सगळं आंबेल. गुरुवारी तुझ्या विभागातले तिघे समुद्रावर जाताना आपल्याकडे थांबतात. मी मागल्या दारी साली वेचतोय. खिडकीतून बघतो तर तू मोरीतून पळी उचलतेस आणि तशीच अंगणाकडे जातेस. दांड्यावरून तीन थेंब गळतात, पायरीवर पडलेले मी नंतर बघितले.

“आये, पळी पुसलंस?”

“पुसलंय रे. माका शिकव नको.”

“बरणी उघडू नको म्हटलेलं ना?”

“मगे पावण्यांका काय नुसता पाणी देवचा?”

आणि तू पाहुण्यांकडे वळून, छान पुस्तकी मराठीत, “माझ्या मुलाचा प्रयोग आहे, घ्या ना,” म्हणालीस. ते घोट घेऊन वा वा म्हणाले. मी तुझा पदर बघितला. कोरडा होता. पुसलं असतंस तर ओला झाला असता. त्यांना दुसरा ग्लास हवा होता, तू दुसरी बरणी उघडलीस. पळी तीच.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाटली फुटली. तिच्यामागून झाकणं उडत गेली, एकेक, फटाक्यांच्या माळेसारखी. तुझ्या तेव्हाच्या विभागप्रमुखांचा पांढरा सफारी छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाला. लोक आधी घाबरले आणि मग हसले. मी खाली बसून काचा वेचत होतो. तू आलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “तुला मी सांगितलं होतं, पूर्ण होऊ दे. घाई तुझ्या अंगातच आहे.” जन्मात पहिल्यांदा तू माझ्याशी मालवणी सोडून बोललीस. बोट कापलं होतं त्याचं काही नाही, ते भरलं.

पळीबद्दल तेव्हा मी काहीच बोललो नाही. तुझ्या माणसांपुढे तुझी शोभा कशाला करायची, असा विचार केला. हे लक्षात घे. मी तुझी लाज राखली. आणि तू? पुढे सहा वर्षांनी, इथे ही शेड उभी राहिल्यावर, तुझा एक जुना विद्यार्थी यंत्राची माहिती द्यायला आला. चहा पिता पिता सांगतो, “आमच्या मॅडम एक केस शिकवायच्या. कोकणातल्या कुणा पोराच्या बाटल्या फुटतात, साहेबाची पँट लाल! आम्ही बाकावर लोळायचो हसून.” मीही हसलो. दुसरं काय करणार? त्याला आणखी एक खारी दिली.

त्या शुक्रवारी तू एसटीतून उतरून अजून चपला काढत होतीस तेव्हा मी विचारलं. तू जराही गडबडली नाहीस. “तुझा नाव खंय घेतलंय मी? पोरांका त्यातसून शिकाक गावता. तुझा काय गेला?”

“आणि पळी?”

“खंयची पळी?”

तू खोटं बोलत नव्हतीस. मी तुझा चेहरा ओळखतो. तू विसरली होतीस, अगदी मनापासून. आज अठ्ठावीस वर्षं ज्या पळीने मला झोप दिली नाही ती तुझ्या लेखी मोरीतली एक पळी होती. त्या दिवशी ठरवलं, हिशेब चुकता करायचा तर हिच्या वर्गातच. तू हयात असताना जमलं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत तू गेलीस, आणि शेवटच्या दिवसांत तुझ्या तोंडात पाणी घालताना हे काढायची माझी हिंमत झाली नाही.

आता माझ्याकडे बावीस बायका कामाला आहेत. दारातच मोठ्या अक्षरांत पाटी आहे: ‘कोरड्या पळीशिवाय बरणी उघडू नये.’ पळ्या तापलेल्या तव्यावर ठेवून मगच वापरतात. त्या माझी थट्टा करतात. एक तर आजच म्हणाली, “दादा, पळी कोरडी आसा, माझो घसोय कोरडो आसा, चाय सांगा.” गेल्या अकरा हंगामांत माझी एकही बाटली परत आलेली नाही. उद्या हे सांगणार. मग पळी दाखवणार. मग म्हणणार, ‘तो तरुण मी. आणि मॅडमनी केसमधून जी गोष्ट गाळली ती ही.’ वाक्य पाठ केलं आहे. पाच मिनिटांत बसतं, घड्याळ लावून बघितलं.

त्या पाटीखाली आणखी एक पाटी आहे, तिच्याबद्दल तुला सांगायचं राहिलं. ‘आठ दिवस पूर्ण होऊ दे.’ तुझंच वाक्य, थोडं वाढवलेलं. कुणी विचारलं की मी म्हणतो, अनुभवाने शिकलो.

वर मी तुला सगळे वार लिहिले. सोमवारी बरण्या भरल्या, गुरुवारी पाहुणे आले. बाटल्या कधी भरल्या ते लिहिलं नाही. माझ्या तेव्हाच्या वहीत ते आहे, आज मुद्दाम काढून बघितलं. शनिवारी. ढग आले होते, मेळावा जवळ आला होता, वरून रंग छान दिसत होता आणि तळाशी साखर अजून दाण्यादाण्याने पडलेली होती. मी ढवळलं आणि भरलं. पाचच दिवसांनी. आणि सहा बरण्यांपैकी तुझी पळी दोनच बरण्यांत गेली होती. बाटल्या मात्र सगळ्या बरण्यांच्या फुटल्या.

पळी उद्या टेबलावर ठेवीनच. शनिवारचं मात्र तिथे बोलणार नाही. ते फक्त तुला लिहितोय, आई, कारण आता तू ते वर्गात सांगू शकत नाहीस.