वळणावरचा हंडा

कडा, ता. आष्टी
२३ एप्रिल २०१९

प्रिय भामा,

रोज फोनवर बोलणाऱ्या आण्णांनी आज कागद का हाती घेतला, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी मुद्दा सोडून 'जेवलीस का' वर येतो, आणि तुझी आई शेजारून सारखी 'मला द्या, मला द्या' करते. कोईमतूरच्या फायनलचं नाव तुला पाच तारखेच्या आत पक्कं करायचंय, असं तूच म्हणालीस. त्याआधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे. उद्या स्वतः पोस्टात जाऊन टाकतो. तू मात्र शेवटचं पान आधी उलटू नको. लहानपणापासूनची तुझी खोड आहे ती.

आधी घरचं सांगतो. तुझा कप टीव्हीच्या बाजूला ठेवलाय. धूळ बसते म्हणून आईनं त्यावर रुमाल घातलाय आणि कुणी आलं की तो रुमाल नवरीच्या तोंडावरचा शेला काढावा तसा काढते. शेजारची भिवराबाई तर रोज येऊन बघते. परवा म्हणाली, "सोन्याचा हाय का गं?" तर आई म्हणाली, "सोन्याचा असता तर तुला दाखवला असता व्हय?" चारा छावणीच्या भोंग्यावरून तुझं नाव पुकारलं. पेंडीचं वाटप चालू होतं, मध्येच 'आपल्या कड्याची कन्या सत्यभामा मोटारींच्या शर्यतीत पहिली' असं झालं आणि पुन्हा पेंडीचे नंबर सुरू. कारखान्याचे विठ्ठलराव साहेबही आले होते. गाडी मूळची त्यांची, म्हणून निम्मा कप आपलाच असल्यासारखे बसले. पेपरातला फोटो चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "गहिनीनाथ, माझ्या गाडीचं मागचं शीट कुठं गेलं?" मी म्हणालो, साहेब, वजन कमी केलंय. ते म्हणाले, "तिनं मला विचारलं असतं तर पुढचंही काढ म्हणालो असतो." त्यांचा गुडघा आता फार दुखतो, पण जीभ शाबूत आहे.

यंदाही पाणी नाही. शाळेपुढं पुन्हा हंड्यांची रांग लागते. ती बघितली की मला दोन हजार तेराचा दुष्काळ आठवतो. ऊस नव्हता, कारखान्याचं गाळप लवकरच आटपलं आणि आम्हा ड्रायव्हर लोकांना टँकरवर घातलं. तू तेव्हा नववीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्या शेजारी केबिनमध्ये. भरलेला टँकर शहाण्यासारखा चालतो, अर्ध्या झालेल्याला मात्र आतलं पाणी वळणावर मागून ढकलतं, हे तुला मी सांगितलं नव्हतं. तूच एकदा म्हणालीस, "आण्णा, गाडी आधी वळतीय, पाणी मागून." मी सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेलं, पण असं नेमकं कुणी मला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो, ही पोरगी गाडी चालवणार. ती म्हणाली, आधी तिला भाकरी थापू द्या.

रांगेचा कायदा तुला ठाऊक आहे. बाई पहाटे हंडा ठेवून रानात जाते, हंडा तिचा नंबर धरतो. वाऱ्यानं, कुत्र्यानं हंडा पाडला तर ज्याला दिसेल त्यानं तो आहे त्या जागी उभा करायचा. नाहीतर संध्याकाळी झिंज्या उपटायची वेळ. तू टँकरच्या पायरीवरून उडी मारून किती हंडे उभे केलेस त्याला गणती नाही. भिवराबाई अजून सांगते, माझा हंडा घरंगळत गटारीपाशी गेलता, भामीनं आणून बरोबर जागेवर ठिवला. गावात ही पुण्याईच धरतात. माझ्याही हाताला तीच सवय लागली. आजही रस्त्यात आडवं भांडं दिसलं की मी वाकतो, भांडं कुणाचं ते नंतर बघतो.

आणि मग तळं. पार आटलेलं, भेगाळलेलं, त्यात साहेबांकडून घेतलेली आपली पांढरी आठशे गाडी. मी गळके हंडे ओळीनं मांडायचो आणि तू त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायचीस. तिथं मात्र माझा कायदा वेगळा होता. हंड्याला धक्का लागला की गाडी बंद करायची, खाली उतरायचं, आपल्या हातानं हंडा उभा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकदा तू रडकुंडीला आलीस. म्हणालीस, "तुमी तिथंच उभे हायात, तुमीच उचला की." मी उचलला नाही. तुझी आई काठावरून ओरडत होती, लेकराला उन्हात कशापायी छळताय म्हणून. तरी नाही उचलला. तू नाक पुसत उतरलीस, हंडा ठेवलास आणि पुढच्या खेपेला एकालाही लागली नाहीस.

म्हणून पुण्याला नोकरी लागल्यावर तू शर्यतीचं सांगितलंस तेव्हा मला नवं काही वाटलं नाही. एका वेळी एकच गाडी, वाकडीतिकडी वाट, लाल कोन मांडलेले, जो कमी वेळात येईल तो पहिला आणि कोन पडला की दोन सेकंद जास्त. मी म्हणालो, हे तर आपलं तळंच झालं. गाडीत पाइपांचा पिंजरा बसवलास, चाकं रुंद घातलीस, आवाज तर असा की आईनं कानात बोळे घातले. सगळं आवडलं. एकच गोष्ट लागली. तू म्हणालीस, "आण्णा, शर्यतीला तुम्ही येऊ नका, तुम्ही समोर असलात की माझा पाय हलका पडतो." खरं आहे ते, मलाही कळतं. तरी चार दिवस भाकरी गोड लागली नाही.

तर आता सांगतो. नगरच्या मैदानावर त्या रविवारी मी आलो होतो. तुझ्या आईला म्हणालो, दाताच्या डॉक्टरकडं चाललोय. सकाळच्या एस्टीनं गेलो, डोक्याला टॉवेल गुंडाळला, डोळे तेवढे उघडे. तू दोनदा माझ्यासमोरून गेलीस, तुझं लक्ष नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. शर्यतीला उतरलेल्या एका हिरव्या गाडीवाल्यानं मला बघून म्हटलं, "बाबा, सावलीला या, ऊन लई हाय." त्याच्या टेम्पोच्या आडोशाला बसवलं, पाणी दिलं. तो परळीचा उत्तरेश्वर. वीज केंद्राची राख वाहणारे ट्रक दुरुस्त करतो म्हणाला. "कोण पळतंय का तुमचं?" असं त्यानं विचारलं तर मी म्हणालो, न्हाई, नुसता बघायला आलोय. इतकं धडधडीत खोटं मी या वयात बोललो. थोड्या वेळानं तू त्याच्याकडं पाना मागायला आलीस. त्यानं हातातलं काम टाकून तुझ्या चाकाचे नट स्वतः आवळून दिले. मी टॉवेल आणखी वर ओढला.

तुझी शेवटची खेप मी टोकाच्या वळणावर दोरीला धरून बघितली. भामे, काय चालवलीस गं. ब्रेक अगदी जागेवर सोडलास, गाडी पाण्यासारखी वळली. पोरगी अर्धा टँकर विसरलेली नाही, असं मनात म्हणालो. तेवढ्यात तुझ्या मागच्या बंपरचा कोपरा त्या वळणावरच्या कोनाला लागला. कोन आडवा झाला. तू पुढं निघून गेलीस आणि मागं धुळीचा लोट उठला. कोन पडला की झेंडा दाखवणारा तिथला झेंडेवाला धुळीनं डोळे चोळत होता. मी दोरीखालून आत गेलो आणि कोन त्याच्या चुन्याच्या रेघेवर बरोबर उभा केला. विचार केला असं नाही. हात गेला. झेंडेवाल्याला मी दिसलो तोवर कोन उभा होता. तो म्हणाला, "ओ बाबा, मरायचंय का, दोरीच्या बाहेर व्हा." मी बाहेर झालो. मग भोंग्यावर वेळ सांगितली. उत्तरेश्वरपेक्षा तू एका सेकंदानं पुढं, आणि दंड शून्य. तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलंय. झेंडेवाला दोन हातांच्या अंतरावर उभा होता, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तू गाडीच्या टपावर डोकं टेकून हसत होतीस, आणि मी गप्प बसलो. कोन उचलला ती हाताची चूक. गप्प बसलो ती माझी. उत्तरेश्वर तुझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, कोईमतूरला बीड जिल्ह्याचं नाव सांगा," आणि मग मला एस्टी स्टँडवर सोडायला गाडी काढली. वाटभर तो तुझंच कौतुक करत होता. मला दात दुखत असल्याचं निमित्त बरं पडलं.

आज नऊ दिवस झाले. कपाकडं बघवत नाही, आणि तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं रुमाल आजच धुऊन पुन्हा घातलाय. कोईमतूरला एकच जण जाणार, आणि ती जागा त्या हिरव्या गाडीवाल्याची आहे. रांगेत त्याचा नंबर होता. तू म्हणशील तेव्हा मी नगरला येतो, त्या मंडळींपुढं उभा राहतो, दोरीच्या आत कोण शिरलं ते सांगतो. बोल बसतील ते मला बसू देत. कप मी पिशवीत घालून आणीन. पण भामा, तळ्यात तू रडलीस तरी मी तुझा हंडा उचलला नव्हता आणि नगरला तू न सांगता उचलला, एवढंच मला या नऊ दिवसांत खातंय. त्या दिवशी तू गाडीतून उतरली नाहीस, कारण हंडा पडलेला तुला दिसलाच नव्हता. आता दिसला.

तुझाच,
आण्णा