कागदावर नसलेली एकेचाळीस माणसं

३ जानेवारी

पोचलो एकदाचे! निम्म्या वाटेतच टेम्पोवाल्याला माझी लहानपणची सगळी दुखणी तोंडपाठ झाली होती, कारण आत्या त्याच्या शेजारी बसली होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि तेव्हापासून ती बोलायची थांबलेली नाही.

राहायला दोन खोल्या आहेत, मागच्या अंगाला. इमारत जुन्या संस्थानाच्या फौजेची. आता तिथं संग्रहालय होणार, आणि शिपायांचे डगले रफू करायचं काम माझ्याकडे आलंय. लांबलचक दालन, उत्तरेचा उजेड, भलंमोठं टेबल. एवढी जागा मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. मागच्या भिंतीत एक लोखंडी दार आहे. खाली दारूखाना, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. आत्यानं कान टवकारले. बंदुकीच्या दारूचा, हे कळल्यावर तिनं तोंड वाकडं केलं.

९ जानेवारी

डगल्यांचं कापड अजून दणकट आहे, अस्तर मात्र गेलंय. प्रत्येकाच्या कॉलरमध्ये आतून आकडा शिवलेला, एक ते तीनशे. व्यवस्थापकांनी भिंतीवर लावायचा मजकूर वाचायला दिला. इंग्रजांशी करार असा होता की राजांनी तीनशेच शिपाई ठेवायचे, एक जास्त नाही. चांगल्या बंदुका वरच्या सरकारच्या पलटणींना, यांना मोडीतल्या. तोफा फक्त सलामीपुरत्या. दरवर्षी गोरा साहेब येऊन मैदानावर माणसं मोजायचा. आत्या म्हणाली, घर यांचं आणि भांडी मोजणार शेजारी!

२२ जानेवारी

शेवटची पेटी आज उघडली. त्यात एकेचाळीस डगले जास्तीचे निघाले. कॉलरमध्ये आकडा नाही. सगळ्यांच्या बाह्या मनगटापाशी कुरतडलेल्या. उंदीर असतील असं वाटलं, पण उंदीर कडेनं खातो. इथं कापड चुरगळून कडक झालंय आणि दोन्ही बाजूंना खुणा आहेत, अर्धगोल. मी स्वतःची बाही चावून शेजारी धरून पाहिली.

उरलेला दिवस शिवणात मन लागलं नाही.

१ फेब्रुवारी

पहारेकऱ्याला विचारलं. तो उठून जायला लागला, पण आत्यानं त्याला चहा देऊन बसवलं आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

राजांच्या सेनापतीनं कराराबाहेर एकेचाळीस माणसं गुपचूप तयार केली होती. मोजणीच्या दिवशी त्यांना दारूखान्यात कोंडून ठेवायचे. काही झालं तरी आवाज करायचा नाही, हा हुकूम. एका वर्षी गोरा साहेब एका दिवसासाठी आला आणि चार दिवस राहिला. खुर्ची टाकून बसायचा ती याच दालनात, त्या दारासमोर. किल्ली पहारेकऱ्याच्या पणजोबांकडे होती. ते चार दिवस साहेबाच्या मागं उभे होते. आतून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही. साहेब गेल्यावर दार उघडलं, तेव्हा सगळी गुदमरून मेलेली, बाह्या दातांत.

कागदावर नव्हतीच, म्हणून मेलीही नाहीत. घरच्यांना सांगितलं, पळून गेले. त्यांच्या पोराबाळांना गावानं भगोड्यांची अवलाद म्हणून हिणवलं.

आत्यानं त्या घरांची नावं एकेक करून विचारून घेतली. 

१० फेब्रुवारी

हे डगलेही मांडा, असं व्यवस्थापकांना सुचवलं. ते म्हणाले, कराराचा कागद काचेत लावलाय, त्यावर तीनशे लिहिलंय, लोक विचारतील. एकेचाळीस डगले दारूखान्यात टाकायला सांगितलं. मी टाकले. नोकरी आहे. पायऱ्या उतरताना घडी मोडू नये म्हणून छातीशी धरले होते.

आत्या भडकली. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना मीच सांगते म्हणाली, डगला हातात घेऊन, सगळ्यांसमोर. तिनं ठरवलं की ठरवलं.

१८ फेब्रुवारी

दुपारी मोठी कात्री हातातून फरशीवर पडली. आवाज झाला नाही.

पुन्हा उचलून मुद्दाम टाकली. नाही. खिडकीपाशी टाकली तर खणकन वाजली. लोखंडी दारापासून सात पावलांपर्यंत काहीच वाजत नाही. व्यवस्थापकांना दाखवायला नेलं, तर म्हणाले, छत उंच असलं की असं होतं.

२४ फेब्रुवारी

आता बारा पावलं.

आत्या बोलता बोलता मध्येच थांबते. पुढचं वाक्य येतच नाही. विचारलं तर, कुठं काय, म्हणते. पण तेही तोंडावर हात ठेवून.

नोकरी सोडू या म्हटलं. तिनं मान हलवली. उद्घाटन होऊ दे, अशी खूण केली. खूण. आत्यानं.

२ मार्च

सकाळी ती खाटेवर बसली होती, शालीचा पदर तोंडात. दातांनी धरलेला. मी ओढला, सुटेना. डोळे लोखंडी दाराच्या दिशेनं. श्वास घेत नव्हती— मी मोजलं— मग एकदम घेतला, जपून, जणू शेजारी कुणी झोपलंय.

डॉक्टर येऊन गेले. वय झालंय म्हणाले.

९ मार्च

आमच्या खोल्यांतही आवाज नाही. नळ मुका. आम्ही दोघी मुक्या. पहारेकरी रजेवर गेला, सांगितलं नाही. गाडी पाहिली, परवाची मिळत होती. आत्या उठत नाही. पाटीवर लिहून दिलं तिनं: त्यांच्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

माझी उजवी बाही ओली आहे. कधी—

१४ मार्च

आज उद्घाटन. आत्या सकाळपासून नाही. चपला लोखंडी दाराबाहेर. डगला आणायला खाली गेली असणार. दाराला कुलूप. व्यवस्थापकांनी घातलं, पाहुण्यांना अडगळ दिसू नये म्हणून. आत कोण आहे पाहिलंही नाही.

पाहुण्यांची खुर्ची दारासमोरच. व्यासपीठ तिथंच. किल्ली व्यवस्थापकांच्या खिशात.

दार बडवलं. दोन्ही हातांनी. आवाज नाही. दाराला कान लावला— श्वास. पुष्कळांचे. दाबलेले. त्यांत एक आत्याचा, ओळखते मी, लहानपणी त्याच्या लयीवर झोपायचे—

व्यवस्थापकांचा हात धरला. त्यांच्या दोघा माणसांनी मला आणून खुर्चीत बसवलं. चिठ्ठी लिहिली: आत माझी आत्या आहे. त्यांनी वाचली, ओठांवर बोट ठेवलं. कार्यक्रमानंतर.

बारा वाजले. पाहुण्यांचे ओठ हलतायत. लोक हसतायत. हवा संपत असेल.

मी ओरडतेय. बाही तोंडातून निघत नाही. दात सुटत नाहीत.

शेजारच्या बाई, तुम्ही वहीत बघताय. वाचा. उठा. त्यांच्या खिशातली किल्ली— हसू नका— दाराकडे बघा, खालच्या फटीतून बोटं— तिची अंगठी— बाई, निदान तुम्ही तरी मोठ्यानं ओर