मिठागराखालच्या गोष्टीचा शेवट

बाई, माझ्या गोष्टीचा शेवट तुम्ही बदललात, याचा राग चाळीस वर्षांनीही गेलेला नाही. तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं घरचे म्हणतात. पण मी चिडणार आहे.

मुलुंडची आपली शाळा, माझं दहावीचं वर्ष. शाळेच्या हस्तलिखित वार्षिकाच्या तुम्ही संपादक, आणि अक्षर बरं म्हणून सगळा अंक शाईने उतरवून काढायचं काम माझ्याकडे. वही भरून लिहिलेली माझी कादंबरी तुम्ही अख्खीच्या अख्खी अंकात घेणार होतात. मेलेल्या धाकट्या भावाला परत आणायला एक मुलगी मिठागरांखालच्या काळोख्या राज्यात उतरते. तिथली राणी भाऊ देते, पण त्याच्या बदल्यात मुलीचं लहानपण मागून घेते. गोष्ट ती मुलगीच सांगते. प्रत्येक प्रकरणात तिची सावली बोटभर आखूड होत जाते, ते तिला कळत नाही, वाचणाऱ्याला मात्र आधीच कळतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बाई! शेवटी ती भावाला घेऊन दारात उभी राहते. आई त्याला छातीशी धरते आणि तिला विचारते, "तुम्ही कोण?"

शिक्षकांच्या खोलीत तुम्ही डबा बाजूला सारून वही उघडलीत. "अगं, हे काय लिहिलंयस? सातवीच्या पोरी वाचणार हे. घाबरतील ना!"

"पण बाई, ती मोठी झालीये. म्हणून आई ओळखत नाही."

"मुली मोठ्या होतात गं, भुतं नाही होत." आणि लाल पेन्सिलीने तुम्ही लिहिलंत: तेवढ्यात आईने हाक मारली आणि मी जागी झाले.

स्वप्न! म्हणजे ती कुठे गेलीच नाही, तिने काही दिलंच नाही. मग सावली कशाला आखूड होत होती, बाई? आणि तो भाऊ? स्वप्न म्हटल्यावर तो मेलेलाच राहिला, आणि तुमच्या शेवटात त्याच्यासाठी कुणी रडतसुद्धा नाही. भाऊ मेलेला तुम्हाला चालला, बहीण मोठी झालेली चालली नाही. घाबरल्या असत्या पोरी, तर घाबरू द्यायचं होतंत. त्याच वर्षी आमच्या घरात मला ओढणीशिवाय गॅलरीत उभं राहायची बंदी झाली होती. कालपर्यंत लाड करणारी माझी आई मला परक्यासारखी न्याहाळायला लागली होती. ते मला दुसरं कुठे लिहिता येणार होतं?

कादंबरी अखेर गेल्या वर्षी छापून आली, माझ्या शेवटासह. परवा बोरिवलीच्या वाचनालयात मुलाखत झाली, तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, "बाईंनी जबरदस्तीने शेवट बदलायला लावला." लोक हळहळले. मला बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत वाटेनासं झालं.

कारण पेन्सिल खाली ठेवून तुम्ही वही माझ्याकडे सरकवली होतीत. म्हणाला होतात, "नसेल पटत तर राहू दे. घरी ने, जपून ठेव. अंकात घेता येणार नाही, एवढंच." समोर अंकाची अनुक्रमणिका पडली होती आणि पहिलं नाव माझं होतं. "नको बाई, बदलते," असं मीच म्हणाले. बोरिवलीत हे मी सांगितलं नाही.