देशपांडे काकूंचा डबा

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज डिस्ट्रिब्यूटरला हो म्हणून आले. तेव्हापासून कशातच लक्ष नाही.

पण दुसरं काय करणार होते? मिसरोदला गिरणी घेतल्यापासून थालिपिठाची भाजणी भरपूर होते आणि विकायला मी एकटी, स्कूटरवर, पिपलानीतल्या ओळखीच्या घरी. निम्मा आठवडा गिरणी बंदच. तो कोलार रोडच्या सगळ्या दुकानांत माल ठेवणार आहे. अट एकच. "भाभीजी, या तो आप बेचिए, या मैं. घर से एक किलो भी नहीं जाएगा." त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

घरी आले तर ओट्यावर देशपांडे काकूंचा डबा. दर महिन्याला भाजणीसाठी येतो, रिकामा कधीच नाही. आज आत बेसनाचे चार लाडू. माझी पहिली, कडवट भाजणीसुद्धा काकूंनीच घेतली होती आणि धणे करपलेत म्हणून सांगितलं होतं. दुकानातलं गिऱ्हाईक येऊन सांगणार आहे का हे?

हे म्हणाले, "अगं, तशीच दे, पैसे नको घेऊस." एकदा घेतले नव्हते, तर काकूंनी दोन महिने डबाच पाठवला नाही.

लाडू काढले, डबा घासला, पुसला. तसाच रिकामा कसा द्यायचा? शेवटी साखर भरली. बाजूलाच भाजणीची दोन पोती उभी होती.