मफलर मिळाला

प्रिय ताई,

तू रागावली आहेस, आणि तुझा राग रास्त आहे. बाबांचा मफलर तू दोन पिशव्यांत गुंडाळून, जिवापाड जपून पाठवलास आणि मी काय कळवलं? ‘मफलर मिळाला.’ कुरिअरवाल्याशीसुद्धा माणूस याहून गोड बोलतो. त्यानंतर तुझा फोनही घेतला नाही. माझा आवाज ऐकलास की तू पोटातलं सगळं काढून घेतेस, म्हणून आज लिहायला बसले आहे.

खोली तीच आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. माझ्याबरोबर राहणारी नर्स रोज कुरकुरते की तुझ्या कपड्यांना कॉफीचा वास मारतो, बाहेर वाळत घाल. मी मान डोलावते आणि बाहेर वाळत घालते. वाद कशाच्या जोरावर घालू?

तुला आठवतं, कॉफी करायला एवढ्या लांब जातेय म्हटल्यावर काका कसे हसले होते? चहा तरी धड येतो का हिला, म्हणाले. आईनेही नाक मुरडलं. एकटे बाबा शिलाई मशीन उघडून बसले होते, ते मान वर न करता म्हणाले, “जाऊ दे तिला. मांजराचं नाक आहे तिचं, तिथेच कामाला येईल.” बाबांच्या शिलाईच्या दुकानात कोण येऊन गेलं हे मी वासावरून सांगायचे, म्हणून मी त्यांची मांजर. इथे कॅफेत ते नाव मीच सांगितलं आणि चिकटलं.

इथली मुख्य बाई कॉफीच्या मशीनवर उभी असते, तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. बोलणं करवतीसारखं, पण हात सोन्याचा. तिने मला पहिल्या दिवशी शिकवलं की सकाळी दुधाचं भांडं आधी नाकाला लावायचं, मग वाफेला. पुढे पुढे ती स्वतः वास घेईना, मलाच विचारायची. कॉफीच्या नव्या बिया आल्या की त्यांची चव बघून निवड करायचं काम मला द्यायचं, असं तिने मालकाकडून कबूल करून घेतलं होतं. ताई, त्याच कामासाठी तर मी घर सोडलं.

मग तो ताप आला. बाबा गेले आणि मी अंथरुणातून उठू शकले नाही, तो. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास नाही की धड चव नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. मी कुणाला सांगितलं नाही. वाफेचा आवाज ऐकून दूध तापवायचे, रंग बघून कॉफी थांबवायचे, आणि निभावलं. झाकली मूठ, म्हणतात ना.

गेल्या आठवड्यात फ्रीजचं दार नीट लागलेलं नव्हतं. मास्तरीण म्हणाली, “मांजरे, बघ गं दूध.” मी सवयीने भांडं नाकाशी नेलं, छान खोल श्वास घेतला आणि म्हटलं, चांगलं आहे. खिडकीपाशी बसणाऱ्या आजोबांनी एक घोट घेऊन कप हळूच बाजूला सरकवला. भला माणूस, तक्रारही केली नाही. मास्तरणीने तो कप उचलून चाखला. आंबट होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला मागे नेलं, डोळे मिटायला सांगितले आणि दोन वाट्या एकामागून एक माझ्या नाकाखाली धरल्या. कॉफी कोणती? मी दुसरी म्हटलं. डोळे उघडले तर दुसरीत भांडी घासायची पावडर होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उद्यापासून गल्ल्यावर बस म्हणाली. आता मी पैसे घेते आणि दुसऱ्यांनी केलेली कॉफी लोकांना देते.

त्याच संध्याकाळी तुझं पार्सल आलं. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, ‘धुतला नाही, अजून बाबांचा वास आहे.’ मी दार लावलं आणि तो तोंडावर दाबून धरला. लोकर टोचली. बाकी काही नाही, ताई. काहीच नाही. शेवटच्या वेळी भेटता आलं नाही ते आलंच नाही, आणि आता बाबा माझ्या हातात होते तरी मला सापडले नाहीत. खूप रडले.

म्हणून मफलर परत पाठवतेय. तुझ्या तशाच दोन पिशव्यांत, गाठ मारून. नाकारतेय असं मनात आणू नकोस. माझ्याजवळ तो नुसता पडून विरेल. तू उघड, वास घे आणि मला लिही. ‘बाबांसारखा’ एवढंच लिहून भागवू नकोस. मशीनचं तेल आधी येतं की दाढीचा साबण, गळ्याशी वेगळा येतो का, सगळं नीट लिही. आणि समजा, एव्हाना उडून गेला असला, तर तसं मला कळवू नकोस. तुला आठवतो तसा लिही.

तुझीच,
मांजर